समुद्रतळावरील वाहिनी आणि इष्टतम मार्गाचे गणित

समुद्रतळावरून तेल किंवा नैसर्गिक वायू आणणाऱ्या वाहिनीचा मार्ग व नळाची जाडी ठरविताना गणितातील इष्टतमीकरणाच्या पद्धती वापरल्या जातात. सुरक्षिततेच्या मर्यादा पाळून खर्च किमान ठेवणारा पर्याय शोधणे, हे या पद्धतींचे स्वरूप होय.

मार्ग काढण्यासाठी समुद्रतळाच्या नकाशाचे लहान चौकोन पाडून प्रत्येकाला खर्च व धोका यांनुसार मूल्य दिले जाते. डच संगणकशास्त्रज्ञ एड्सगर डायक्स्ट्रा यांनी १९५९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या रीतीने त्यांतून किमान एकूण मूल्याचा मार्ग मिळतो. वाहिनी जेथे तळाला न टेकता अधांतरी राहते, तेथे प्रवाहातील भोवऱ्यांमुळे ती कंप पावते आणि कालांतराने पोलादाला तडे जाऊ शकतात. त्यामुळे अशा टप्प्यांच्या लांबीवर मर्यादा घालावी लागते.

दर १० मीटर खोलीला पाण्याचा दाब सुमारे एका वातावरणाने वाढतो. पातळ नळ या दाबाखाली चेपण्याचा धोका असतो. जाड नळ महाग पडतो आणि जहाजावरून टाकण्यास अवघड जातो.

नॉर्वेच्या ओर्मेन लांगे वायुक्षेत्रात अभियंत्यांची कसोटी लागली. सुमारे ८,२०० वर्षांपूर्वी समुद्राखाली कोसळलेल्या स्टोरेग्गा दरडीच्या खडबडीत तळावरून, ८०० मीटरहून अधिक खोलीतून, सुमारे १२० किलोमीटर दूरच्या किनाऱ्यापर्यंत वाहिन्या टाकण्यात आल्या. तेथील उत्पादन २००७ मध्ये सुरू झाले.

गणिताचे उत्तर मात्र सर्वेक्षणाइतकेच विश्वसनीय असते. तळाचे मापन अपुरे असल्यास इष्टतम ठरलेला मार्गही घातक ठरू शकतो.