पॉवरबोट रेसिंग : बोटी पळवणारे सगळ्यांना दिसतात, पण हा खेळ उभा केला कुणी?

मार्च 2017. मुंबईच्या मरीन ड्राइव्हवर 3 ते 5 तारखेदरम्यान लोकांनी कठड्यावर गर्दी केली होती. समोर समुद्रात 28 फुटी बोटी पाण्यावर आपटत, फेस उडवत पळत होत्या. मागे 250 हॉर्सपॉवरचं इंजिन आणि बोटीत दोन माणसं, एक चालवणारा आणि दुसरा रस्ता सांगणारा. ही होती पी-वन पॉवरबोटची 'इंडियन ग्रां प्री ऑफ द सीज'.

याचे व्हिडिओ तेव्हा भरपूर फिरले. पण त्या व्हिडिओत एक गोष्ट दिसत नाही. स्टॉपवॉच घेऊन बसलेला अधिकारी, शर्यतीआधी बोट तपासणारा माणूस आणि बोट उलटली तर पाण्यात उडी मारायला तयार बसलेले पाणबुडे कधी कॅमेऱ्यात येत नाहीत. हा खेळ सव्वाशे वर्षं टिकला तो या लोकांमुळे.

आता तुम्ही म्हणाल, आपण हिमायतनगरला राहतो, इथून समुद्र कुठे, आपला काय संबंध? संबंध आहे. हिमायतनगरला समुद्र नाही, पण पैनगंगा आहे. इसापूर धरणाचं पाणी सुटलं की काठच्या गावांना सावध राहावं लागतं, आणि पूर वाढला की बोट लागते. ती बोट सुरक्षित कशी चालवायची, यातले बरेच धडे शर्यतीत शिकले गेलेत. ते कसे, ते पुढे येईलच.

सुरुवात एका पेपरवाल्याने केली

1903 साली ब्रिटनमध्ये 'डेली मेल' या वर्तमानपत्राचे मालक आल्फ्रेड हार्म्सवर्थ यांनी मोटरबोटींच्या आंतरराष्ट्रीय शर्यतीसाठी एक ट्रॉफी ठेवली. पहिली शर्यत आयर्लंडमधल्या क्वीन्सटाउनला झाली. जिंकली 'नेपिअर' नावाची बोट, वेग ताशी साधारण 31 किलोमीटर. आज आपली लुनासुद्धा एवढी पळते, पण तेव्हा हा मोठा वेग होता.

या बोटीवर डॉरथी लेव्हिट ही तरुणी होती आणि सुकाणू तिच्याच हातात होतं असं सांगितलं जातं. ट्रॉफीवर मात्र नाव कोरलं गेलं बोटीचे मालक एस. एफ. एज यांचं.

त्याच वर्षी अमेरिकेत 'अमेरिकन पॉवर बोट असोसिएशन' स्थापन झाली. 1904 मध्ये हडसन नदीवर त्यांनी गोल्ड कप सुरू केला. या संस्थेचं महत्त्व असं की तिने बोटींचे वर्ग पाडले. लहान इंजिनाची बोट मोठ्या इंजिनाच्या बोटीशी लावली तर ती शर्यत कसली? कुस्तीत वजनगट असतात तसंच हे.

ऑलिम्पिकमध्ये गेला आणि बाहेरही पडला

1908 च्या लंडन ऑलिम्पिकमध्ये मोटरबोटींच्या तीन शर्यती झाल्या. ठिकाण होतं साउदॅम्प्टनजवळची खाडी, अंतर 40 सागरी मैल. पण हवामान इतकं खराब होतं की तिन्ही शर्यतींत प्रत्येकी एकच बोट शेवटपर्यंत पोहोचली. दोन शर्यती ब्रिटनच्या थॉमस थॉर्निक्रॉफ्ट यांच्या बोटीने जिंकल्या, एक फ्रान्सच्या एमिल थुब्रों यांनी. त्यानंतर ऑलिम्पिकमध्ये हा खेळ दिसला नाही.

ऑलिम्पिकचं छत्र गेलं म्हटल्यावर या खेळाला स्वतःचं घर बांधावं लागलं. 1922 मध्ये बेल्जियममध्ये वेगवेगळ्या देशांच्या संघटना एकत्र आल्या आणि जागतिक संघटना तयार झाली. आज ती यूआयएम या नावाने ओळखली जाते, तिचं मुख्यालय मोनॅकोत आहे. कुठल्या वर्गात किती वजन, किती इंजिन, विक्रम कसा मोजायचा, हे ती ठरवते.

घरच्या हिरोलाच बाद केलं

अधिकाऱ्यांचं वजन काय असतं, हे कळण्यासाठी 1931 चा किस्सा.

अमेरिकेतल्या डेट्रॉइट नदीवर हार्म्सवर्थ ट्रॉफीची शर्यत होती. एकीकडे डेट्रॉइटचा लाडका गार वुड, दुसरीकडे ब्रिटनचा के डॉन. काठावर प्रचंड गर्दी. पहिली फेरी डॉनने जिंकली.

इथे सुरुवातीची पद्धत समजून घ्यायला हवी. बोटीला ब्रेक नसतात, त्यामुळे या शर्यतीत बोटी लांबून वेग घेत यायच्या आणि तोफ वाजेल त्या क्षणाच्या आसपास रेषा ओलांडायच्या. फार आधी ओलांडली तर बाद.

दुसऱ्या फेरीत गार वुडने रेषा खूप आधी ओलांडली, डॉनही त्याच्या मागोमाग गेला. पुढे वळणावर डॉनची बोट उलटली. वुड पहिला आला, पण अधिकाऱ्यांनी घड्याळ बघितलं आणि दोघांनाही बाद केलं. ट्रॉफी गेली गार वुडचा भाऊ जॉर्ज याच्याकडे, कारण तो वेळेत निघाला होता.

वुडने हे मुद्दाम केलं का, यावर पुढे बरीच वर्षं वाद झाला. पण घरच्या मैदानावर, घरच्या प्रेक्षकांसमोर, घरच्या हिरोला बाद ठरवायला धमक लागते. नियम सगळ्यांना सारखा, हे तिथे दिसलं.

शर्यतीतून बोट सुधारली

1956 मध्ये मायामी ते नासाऊ अशी खुल्या समुद्रातली शर्यत सुरू झाली. 1960 ला तिथे 'मॉपी' नावाची बोट उतरली. रे हंट यांनी तिचा तळ सपाट न ठेवता इंग्रजी व्ही अक्षरासारखा खोल केला होता. समुद्र खवळलेला होता. मॉपी साधारण आठ तासांत पोहोचली, बाकीच्या बहुतेक बोटी दुसऱ्या दिवशी पोहोचल्या. मग हा खोल व्ही तळ जगभर पसरला. आज गस्तीच्या आणि बचावाच्या कितीतरी बोटींचा तळ याच पद्धतीचा असतो.

हीच शर्यत पाहून मॅक्स एटकेन यांनी 1961 मध्ये ब्रिटनमध्ये काउज ते टॉर्की शर्यत सुरू केली. नुसती पळणारी बोट नको, समुद्रात टिकणारी बोट तयार व्हावी, हा त्यांचा हेतू होता.

1984 : मृत्यूंनंतर बदललेला नियम

1981 मध्ये फॉर्म्युला वन पॉवरबोट मालिका सुरू झाली. आज या बोटी ताशी 220 किलोमीटरच्या आसपास जातात. एवढ्या वेगात पाणी मऊ राहत नाही, माणूस आपटला तर ते भिंतीसारखं लागतं.

तेव्हा बोटीचं कॉकपिट उघडं असायचं. अपघात झाला तर चालक बाहेर फेकला जाईल आणि वाचेल, असा समज होता. 1984 च्या हंगामात जीवघेणे अपघात झाले आणि हा समज खोटा ठरला. ख्रिस हॉजेस स्वतः शर्यतीत उतरायचे आणि बोटीही बांधायचे. त्यांनी उलटा विचार मांडला : चालकाला बाहेर फेकू देऊ नका, मजबूत कवचात पट्ट्याने बांधून ठेवा. बोटीचे तुकडे झाले तरी कवच शाबूत राहील. हळूहळू हे कवच सक्तीचं झालं.

पण त्यातून नवा प्रश्न आला. बोट उलटली आणि चालक आत बांधलेला असेल तर तो बुडणार नाही का? म्हणून पुढचे नियम आले. आत श्वासासाठी हवेची सोय असते. चालकाला उलट्या कॉकपिटमधून पाण्याखाली सुटका करून घेण्याची चाचणी द्यावी लागते. आणि काही क्षणांत पोहोचतील असे पाणबुडे बचाव बोटीत तयार असतात.

शर्यतीच्या दिवशी कोण काय करतं?

- मुख्य अधिकारी : वारा आणि लाटा पाहून शर्यत सुरू करायची, थांबवायची की रद्द करायची हे ठरवतो.
- तपासनीस : बोटीचं वजन, इंजिन, हेल्मेट, लाइफ जॅकेट तपासतो. तो 'नाही' म्हणाला तर बोट पाण्यात उतरत नाही.
- वेळ नोंदवणारे : फेऱ्या मोजतात आणि निकाल लावतात.
- झेंडेवाले : पिवळा म्हणजे पुढे धोका, लाल म्हणजे शर्यत थांबली.
- बचाव पथक : पाणबुडे, डॉक्टर, ओढून आणणाऱ्या बोटी.
- मार्गाची माणसं : वळणाचे बोये लावतात आणि बाहेरची एकही बोट आत येऊ देत नाहीत.

स्थानिक क्लबांच्या शर्यतींत ही कामं मुख्यतः स्वयंसेवक करतात. कुणी निवृत्त चालक, कुणी चालकाचे आईवडील, कुणी मेकॅनिक. सुट्टीच्या दिवशी पहाटे यायचं, बोये टाकायचे आणि संध्याकाळी ते परत गोळा करायचे. आपल्याकडे गावच्या कबड्डी स्पर्धेत मैदान आखणारे आणि गुण लिहिणारे असतात, तशीच ही माणसं.

भारतात काय झालं?

मुंबईत 2004 मध्ये फॉर्म्युला वन पॉवरबोटची शर्यत झाली. 2017 मध्ये पी-वन झाली, तिथे गौरव गिल आणि सी. एस. संतोष या मोटरस्पोर्टमधल्या भारतीय नावांची चर्चा होती. नोव्हेंबर 2018 मध्ये विजयवाड्याजवळ कृष्णा नदीत फॉर्म्युला वनच्या बोटी पुन्हा उतरल्या. पण एक मोठी शर्यत आणणं आणि खेळ रुजवणं यात फरक आहे. शर्यत पैशाने आणता येते. दरवर्षी लहान शर्यती भरवणारे क्लब आणि शिकलेले अधिकारी तयार व्हायला मात्र वर्षं जातात.

मग आपल्याला काय?

18 डिसेंबर 2024 ला मुंबईत गेटवेहून घारापुरीकडे निघालेल्या 'नीलकमल' बोटीवर नौदलाची वेगवान बोट आदळली. तिच्या इंजिनाची चाचणी सुरू होती. 15 जणांचा जीव गेला. शर्यतीत वेगवान बोट आणि इतर बोटी एकाच पाण्यात येऊ नयेत म्हणून अख्खं पथक उभं असतं, ते का, हे इथे कळतं.

दुसरी गोष्ट छोटी आहे. शर्यतीतल्या चालकाच्या अंगाला एक दोरी अडकवलेली असते, तिला किल कॉर्ड म्हणतात. तो बोटीतून पडला की दोरी सुटते आणि इंजिन बंद होतं. नाहीतर मोकाट बोट गोल फिरत पडलेल्या माणसावरच येऊ शकते. अमेरिकेत 2021 पासून 26 फुटांपेक्षा लहान बोटींसाठी अशा सोयीचा वापर बंधनकारक आहे.

पुराच्या वेळी गावात येणाऱ्या रबरी बोटीच्या मागे जे इंजिन लटकवलेलं असतं, त्यालाही ही दोरी असते. त्यामुळे पुढच्या वेळी बोटीत बसायची वेळ आली तर तीन गोष्टी बघा : अंगात लाइफ जॅकेट आहे का, बोटीत क्षमतेपेक्षा जास्त माणसं तर नाहीत ना, आणि चालकाने ती दोरी स्वतःला अडकवली आहे का. अडकवली नसेल तर त्याला बिनधास्त सांगा, "दादा, आधी दोरी लावा."