१६ एप्रिल : नगरला जन्मलेला अतर्क्य विनोदवीर

ब्रिटिश विनोदाला तर्काच्या दावणीतून सोडवणारे स्पाइक मिलिगन यांचा जन्म १६ एप्रिल १९१८ रोजी अहमदनगरला (आताचे अहिल्यानगर) झाला. खरे नाव टेरेन्स. वडील आयरिश, ब्रिटिश लष्करात. त्यामुळे बालपण पुणे आणि मग रंगून इथे गेले. महायुद्धात तोफखान्यात असताना १९४४ मध्ये ते इटलीत जखमी झाले. मानसिक आजाराने पुढे आयुष्यभर पिच्छा पुरवला.

२८ मे १९५१ रोजी बीबीसी रेडिओवर पीटर सेलर्स, हॅरी सीकोम्ब, मायकेल बेन्टाइन यांच्यासह त्यांचा कार्यक्रम सुरू झाला. ‘द गून शो’ या नावाने तो १९६० पर्यंत गाजला. बहुतेक संहिता मिलिगन यांच्याच. रेडिओला नेपथ्य लागत नाही, याचा इतका फायदा क्वचितच कुणी उठवला असेल! १९५५ च्या एका भागात पॅरिसहून नेपोलियनचा पियानो पळवतात, आणि आणायचा कसा? तर त्याच्यावरच बसून समुद्र ओलांडायचा. दर आठवड्याला असे लिहिण्याच्या ताणाने ते रुग्णालयातही पोहोचले.

टीव्हीवरच्या ‘क्यू ५’ने (१९६९) तर प्रहसनाला शेवट हवाच, ही अटही मोडली. ‘मॉन्टी पायथन’च्या मंडळींनी हे ऋण मान्य केले आहे. तेव्हाचे युवराज चार्ल्स मिलिगन यांचे निस्सीम चाहते होते. १९९४ च्या पुरस्कार सोहळ्यात त्यांचे कौतुकपत्र वाचले जात असताना मिलिगन यांनी थेट प्रक्षेपणात युवराजांनाच शिवी हासडली. तरीही निधनाच्या आदल्या वर्षी, २००१ मध्ये, त्यांना नाइटहूड मिळाले. तेही मानद, कारण कागदोपत्री ते आयरिश नागरिक होते.