सुगडाला नाव का नाही?

संक्रांत आली की ठाण्याच्या नौपाड्यातल्या घराघरांत सुगडं येतात. बाहेरून हळदीकुंकवाची बोटं ओढायची, आत हरभरे, बोरं, उसाचे करवे, तिळगूळ भरायचा आणि देवापुढे मांडायची. नवरात्रात घट, दिवाळीत पणत्या. मातीच्या भांड्यावाचून आपले मोठे सण अडतात. पण ते भांडं कोणी घडवलं, हे गिऱ्हाईक विचारत नाही. कुंभारकाम मागे पडलं ते स्टील आणि प्लॅस्टिकमुळे, असं आपण सहज म्हणून जातो. त्यांनी रोजच्या वापरातलं गिऱ्हाईक नेलं, हे खरंच. कलेची वाढ मात्र खुंटली ती कुंभाराचं नाव आणि त्याचा जुना वारसा, या दोन्ही गोष्टी त्याच्या हाती राहिल्या नाहीत म्हणून.

वारशाची आपल्याकडे वाण नव्हती. संगमनेरजवळच्या जोर्वे गावी १९५०-५१ साली पुरातत्त्वज्ञ सांकलिया आणि देव यांनी उत्खनन केलं, तेव्हा तीन हजार वर्षांपूर्वीची लाल भांडी हाती आली. त्यांवर काळ्या रेषांची भौमितिक नक्षी, कुशीला लांब तोटी, आणि भाजणी इतकी पक्की की टिचकी मारली तर खणखणावं. पुढे १९६८ ते १९८३ या काळात डेक्कन कॉलेजने इनामगाव खणलं. तिथे कुंभाराची भट्टीही सापडली. ही खापरं संग्रहालयांत आणि अहवालांत नीट जपली गेली, पण गावोगावच्या चाकावर ती उतरली नाहीत. त्याआधी, १८७०च्या दशकात, मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत जॉर्ज टेरी यांच्या देखरेखीखाली अजिंठ्याची चित्रं मातीच्या भांड्यांवर आली. ती भांडी आजही कलाशाळेच्या नावाने ओळखली जातात, घडवणाऱ्याच्या नाही.

अमेरिकेत, ॲरिझोनातल्या होपी-टेवा या मूळनिवासी जमातीकडे नेमकं उलट घडलं. स्पॅनिश सत्तेविरुद्धच्या १६८०च्या उठावानंतरच्या धामधुमीत न्यू मेक्सिकोतून येऊन होपींच्या शेजारी वसलेले हे लोक. त्यांच्यातल्या नाम्पेयो या बाईने जवळच्या सिक्यात्की या ओसाड गावातली जुनी खापरं निरखली आणि ती नक्षी आपल्या भांड्यांवर आणली. १८९५ साली पुरातत्त्वज्ञ फ्यूक्स यांनी तिथे खोदकाम केलं, तेव्हा तिचा नवरा मजुरांत होता. चाक नाही, मातीच्या वळ्या एकावर एक रचून भांडं उभं करायचं, गुळगुळीत दगडाने घोटायचं, युक्काच्या पानाच्या कुंचल्याने रंगवायचं आणि मेंढ्यांच्या लेंड्यांच्या आगीत भाजायचं. १९४२ साली ती वारली. तिचे वंशज आजही याच रीतीने, स्वतःच्या सहीने भांडी घडवतात.

यावर कोणी म्हणेल, हे पुनरुज्जीवन पर्यटकांच्या पैशावर झालं. झालंच; १९०५ साली ग्रँड कॅन्यनला हॉटेलवाल्या कंपनीने तिला प्रवाशांसमोर कामाला बसवलं होतं. पण पैसा बाजाराचा असला तरी माती, वळी आणि आग तिच्या घरचीच राहिली. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: आपला कुंभार बारा बलुतेदारांतला, वर्षभर मडकी पुरवून सुगीला धान्य घेणारा, त्याची तुलना करायची कशी? पण या आक्षेपातच उत्तर आहे. बलुत्यात एकेका मडक्याची किंमत ठरतच नसे आणि नाव सांगायची गरजही नसे, कारण गाव त्याला ओळखत होतं. शहरात बलुतं गेलं, ओळख गेली. निनावीपण तेवढं उरलं. तेरच्या गोरोबाकाका कुंभारांचं नाव सातशे वर्षं टिकलं, थापटण्याने संतांची डोकी पारखल्याची कथाही टिकली. पण ते टिकलं संत म्हणून. म्हणून संग्रहालयांनी जोर्व्याची खापरं आजच्या कुंभारांच्या हाती देऊन त्यांना निरखू द्यावीत. आणि येत्या संक्रांतीला सुगडं घेताना आपण किमान एवढं विचारावं: कुठल्या गावची, कोणाच्या हातची?