अन्वस्त वक्र आणि लॉगरिथम

बीजगणिताच्या पाठ्यपुस्तकांत पॅराबोला, म्हणजे अन्वस्त वक्र, एका प्रकरणांत येतो आणि लॉगरिथम दुसऱ्या प्रकरणांत. पहिल्या प्रकरणांत वर्गसमीकरण मांडावें, आलेख काढावा, शिरोबिंदु शोधावा. दुसऱ्यांत कोष्टकांचें पुस्तक उघडून आंकडे उतरून घ्यावे, त्यांची बेरीज करावी आणि उत्तर लिहावें. विद्यार्थी दोन्ही प्रकारचीं उदाहरणें सोडवितो. परंतु त्यांचा परस्परांशीं कांहीं संबंध असेल, अशी शंकाहि त्याच्या मनास शिवत नाहीं. गणिताच्या इतिहासांत मात्र हीं दोन्ही प्रकरणें एकाच प्रश्नानें जोडलेलीं आहेत. तो प्रश्न ज्या ग्रंथांतून सुटला, तो ग्रंथ एका मोठ्या चुकीसाठींच अधिक गाजला.

कथेचा आरंभ ख्रिस्तपूर्व तिसऱ्या शतकांत, सिराक्यूज नगरींत होतो. अन्वस्त वक्राचा एक तुकडा सरळ रेषेनें कापून घेतला तर त्याचें क्षेत्रफळ किती, हा प्रश्न आर्किमिडीजनें हातीं घेतला. त्या तुकड्यांत त्यानें एक मोठा त्रिकोण बसविला. दोन्ही अंगांस जी जागा उरली तींत दोन लहान त्रिकोण बसविले. त्या दोहोंचें मिळून क्षेत्रफळ पहिल्याच्या बरोबर चौथाई भरलें. पुन्हा उरलेल्या जागेंत चार त्रिकोण बसले. ते मिळून सोळावा हिस्सा. एक, पाव, सोळावा हिस्सा, चौसष्टावा हिस्सा, अशी ही बेरीज कितीहि लांबविली तरी एक पूर्णांक एक तृतीयांशापलीकडे जात नाहीं, आणि त्याच्या हवी तितकी जवळ मात्र येते. म्हणून तुकड्याचें क्षेत्रफळ त्या त्रिकोणाच्या चार तृतीयांश. यापेक्षां तें अधिकहि नाहीं आणि उणेंहि नाहीं, हें आर्किमिडीजनें निर्दोष तर्कानें सिद्ध केलें.

पुढें सतराव्या शतकांत कॅव्हालिएरी, फर्मा इत्यादि गणितज्ञांनीं हीच वाट रुंद केली. य = क्ष² हा अन्वस्त वक्र, य = क्ष³ हा त्याच्या पुढचा, अशा सर्व वक्रांस एकच नियम लागू पडला. घातांकांत एक मिळवावा आणि येणाऱ्या संख्येनें भागावें. शून्यापासून एकपर्यंत वर्गाच्या वक्राखालील क्षेत्र एक तृतीयांश, घनाच्या वक्राखालील एक चतुर्थांश. अपूर्णांक व ऋण घातांकहि या नियमांत हळूहळू बसले. एकच घातांक हट्टानें बाहेर राहिला, तो म्हणजे उणे एक. त्यांत एक मिळवितांच शून्य येतें, आणि शून्यानें भागाकार करतां येत नाहीं. हा वक्र म्हणजे हायपरबोला, अर्थात् अपास्त वक्र. क्ष आणि य यांचा गुणाकार सदैव एक, इतकें साधें त्याचें समीकरण. परंतु त्याच्या दारापाशीं नियम अडला.

इकडे, भूमितीशीं कांहींएक संबंध नसलेल्या क्षेत्रांत, निराळेंच काम चाललें होतें. ज्योतिषी आणि नाविक यांचें आयुष्य सात-सात आंकडी संख्यांच्या गुणाकारांत खर्चीं पडत होतें. हें ओझें हलकें करण्यासाठीं स्कॉटलंडांतील एडिंबरोजवळच्या मर्चिस्टनचा जमीनदार जॉन नेपिअर सुमारें वीस वर्षें खपला आणि १६१४ मध्यें त्यानें लॉगरिथमचीं कोष्टकें प्रसिद्ध केलीं. मूळ कल्पना सोपी आहे. ८ म्हणजे तीन वेळां दुप्पट केलेला १. ३२ म्हणजे पांच वेळां दुप्पट केलेला १. तीन आणि पांच मिळून आठ. म्हणून ८ आणि ३२ यांचा गुणाकार म्हणजे आठ वेळां दुप्पट केलेला १, अर्थात् २५६. गुणाकाराच्या जागीं बेरीज आली. भारतांतहि ही कल्पना अगदींच अपरिचित नव्हती. जैन आचार्य वीरसेन यांच्या ‘धवला’ टीकेंत एखादी संख्या किती वेळां निमी करतां येते त्यास ‘अर्धच्छेद’ म्हटलें आहे. हा प्राकृत-संस्कृत ग्रंथ १९३९ पासून अमरावतीहून छापून प्रसिद्ध होऊं लागला. परंतु प्रत्येक संख्येसाठीं उपयोगी पडेल असें कोष्टक नेपिअरच्याच श्रमांतून निघालें.

लंडनचे प्राध्यापक हेन्री ब्रिग्ज १६१५ मध्यें नेपिअरच्या भेटीस गेले, आणि एकाचा लॉगरिथम शून्य व दहाचा पाया अशी सुधारणा दोघांच्या विचारें ठरली. १६१७ मध्यें नेपिअर वारला. ब्रिग्जनीं १६२४ मध्यें तीस हजार संख्यांचे लॉगरिथम चौदा दशांश स्थळांपर्यंत काढून छापले. मधली राहिलेली पोकळी व्लाक या डच गृहस्थानें १६२८ मध्यें भरून काढली.

आतां अडलेल्या दाराकडे वळावें. ब्रुजेस येथें १५८४ मध्यें जन्मलेला जेझुइट धर्मोपदेशक ग्रेगरी सेंट व्हिन्सेंट प्रागमध्यें असतांना १६३१ मध्यें सॅक्सन सैन्य शहरावर चालून आलें. त्याला पळावें लागलें. अनेक वर्षांच्या श्रमाचे कागद मागेंच राहिले. ते एका सहकाऱ्यानें वांचविले आणि सुमारें दहा वर्षांनीं त्याच्या हातीं परत आले. १६४७ मध्यें अँटवर्प येथें त्याचा बाराशेंहून अधिक पृष्ठांचा ग्रंथ निघाला. वर्तुळाइतक्या क्षेत्रफळाचा चौरस काढण्याची युक्ति सांपडली, असा दावा त्यांत होता. तो दावा खोटा ठरला; १६५१ मध्यें तरुण हायगेन्सनें त्यांतील चूक उघड दाखविली, आणि ग्रंथकर्त्याच्या कीर्तीस कायमचा डाग लागला.

परंतु त्याच ग्रंथांत अपास्त वक्राविषयीं एक निर्दोष सिद्धान्त होता. त्या वक्राखालील १ पासून २ पर्यंतचा पट्टा घ्यावा. नंतर २ पासून ४ पर्यंतचा. दुसऱ्याची रुंदी पहिल्याच्या दुप्पट, परंतु उंची जागोजागीं निमी. म्हणून दोहोंचें क्षेत्रफळ समान. ४ पासून ८ पर्यंतचा पट्टाहि तेवढाच. म्हणजे १ पासून ८ पर्यंत तीन पट्टे, ३२ पर्यंत पांच, आणि २५६ पर्यंत आठ. हेच ते आंकडे! संख्यांचा गुणाकार करावा, तों क्षेत्रफळांची बेरीज होते. हें नातें सेंट व्हिन्सेंटनें स्वतः शब्दांत मांडलें नाहीं. मर्सेन यानें टाकलेल्या एका आव्हानास उत्तर देतांना त्याचा शिष्य सारासा यानें १६४९ मध्यें दाखवून दिलें कीं, हीं क्षेत्रफळें लॉगरिथमचेंच काम करतात. गुरूच्या ग्रंथावर टीकेचा वर्षाव होत असतांना शिष्यानें त्यांतील खरें धन ओळखलें.

त्यानंतर वाट मोकळी झाली. न्यूटननें १६६५ मध्यें अपास्ताचें क्षेत्रफळ बावन्न आंकड्यांपर्यंत काढलें. १६६८ मध्यें निकोलस मर्केटरनें त्यासाठीं अनंत श्रेढी छापली. १ पासून २ पर्यंतच्या पट्ट्याचें क्षेत्रफळ ०.६९३१ येतें, आणि तोच दोहोंचा स्वाभाविक लॉगरिथम.

१९७० नंतरच्या दशकांत खिशांत मावणारीं इलेक्ट्रॉनिक गणकयंत्रें आलीं आणि कोष्टकांचें काम बव्हंशीं संपलें. तरीहि वर्गाचें क्षेत्र काढण्याचा नियम शिकणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्यास ‘घातांक उणे एक नसल्यास’ ही सूचना आजहि लिहून घ्यावी लागते. त्या एका अपवादाच्या जागीं लॉगरिथम उभा आहे. आणि तो तेथें उभा आहे हें ज्या पानांवरून कळलें, तीं पानें वर्तुळाच्या फसलेल्या चौरसाशेजारींच बांधलेलीं होतीं.