एका विमानतळावर चालतं, ते दुसऱ्यावर का चालत नाही? सुरक्षा तपासणीच्या नियमांमागची गोष्ट

बोरिवलीहून किंवा मुलुंडहून पहाटेचं विमान पकडायला निघालेल्या माणसाला आधी रस्त्यावरच्या गर्दीची काळजी असते. अंधेरीला पोहोचलं की ती संपते आणि दुसरी सुरू होते. लॅपटॉप बाहेर काढा, चार्जर बाहेर काढा, पट्टा काढा, खिसे रिकामे करा. ट्रे पुढे सरकतो, आपण दाराच्या चौकटीतून जातो, हात पसरून उभे राहतो. पलीकडे आपली बॅग बाजूला काढलेली असते आणि कुणीतरी विचारतं, "ही बॅग कुणाची? यात काय आहे?" त्यात बेसनाचे लाडू असतात.

हीच बॅग घेऊन माणूस लंडनला किंवा न्यूयॉर्कला जातो, तेव्हा लाडवांकडे कुणी बघत नाही, पण पाण्याची बाटली फेकून द्यावी लागते. भारतात देशांतर्गत प्रवासात तीच बाटली बहुतेक वेळा आरामात आत जाते. इथे लायटर काढून घेतात, अमेरिकेत साधा लायटर खिशात ठेवता येतो. मग हे सगळं मनमानी आहे, असं प्रवाशाला वाटतं. थोडीफार मनमानी असतेही. पण बहुतेक नियमांच्या मागे कुठली तरी एक घटना असते आणि प्रत्येक देश वेगवेगळ्या घटनेतून शिकलेला असतो.

तपासतं कोण?

मुंबईचा विमानतळ खासगी कंपनी चालवते. त्यामुळे रांग लांबली की लोक कंपनीला बोल लावतात. रांगेची जागा, यंत्रं, ट्रे हे कंपनीचं काम खरं, पण तपासणी करणारे जवान केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाचे म्हणजे सीआयएसएफचे असतात. आणि काय चालेल, काय नाही, हे ठरवतो तिसराच, ब्युरो ऑफ सिव्हिल एव्हिएशन सिक्युरिटी हा केंद्र सरकारचा विभाग. त्याला 'बीकॅस' म्हणतात. ट्रेपाशी उभ्या असलेल्या जवानाशी घातलेला वाद म्हणूनच फुकट जातो. नियम त्याने केलेला नसतो आणि सूट देण्याचा अधिकारही त्याच्याकडे नसतो.

परदेशात ही रचना वेगळी आहे. अमेरिकेत ९/११ नंतर, नोव्हेंबर २००१ मध्ये, टीएसए ही स्वतंत्र सरकारी यंत्रणा उभी राहिली. ब्रिटनमध्ये तपासणीची जबाबदारी विमानतळ चालवणाऱ्या कंपनीवर असते आणि ट्रेपाशी साधे सुरक्षा कर्मचारी दिसतात. भारतात मात्र निमलष्करी दल आहे. वागण्याबोलण्यातला फरक बराचसा इथूनच येतो.

एकेक नियम, एकेक घटना

२३ जून १९८५ रोजी एअर इंडियाचं 'कनिष्क' विमान आयर्लंडजवळ समुद्रावर स्फोटात नष्ट झालं आणि ३२९ जण मरण पावले. बॉम्ब सामानात होता, आणि ते सामान ज्याच्या नावावर होतं तो माणूस विमानात चढलाच नव्हता. बीकॅस १९७८ पासून एक छोटा कक्ष म्हणून होता. कनिष्कनंतर, १ एप्रिल १९८७ पासून, तो स्वतंत्र विभाग झाला. आजही बॅग चढली पण प्रवासी आला नाही, तर ती बॅग शोधून उतरवतात आणि मगच विमान सोडतात. "एका प्रवाशाचं सामान उतरवत असल्यामुळे उशीर होत आहे" ही घोषणा कंटाळवाणी वाटते, पण तिची मुळं तिथे आहेत.

दुसरी घटना मुंबईच्या जवळची. घाटकोपर पूर्वेला नीरजा भनोत यांच्या नावाचा चौक आहे. ५ सप्टेंबर १९८६ रोजी मुंबईहून निघालेलं पॅन ॲमचं विमान कराचीत थांबलेलं असताना त्याचं अपहरण झालं. प्रवाशांना वाचवताना नीरजा मारल्या गेल्या, तेव्हा त्यांचा तेविसावा वाढदिवस दोन दिवसांवर होता. अपहरणकर्ते प्रवासी म्हणून रांगेत उभे राहिलेच नव्हते. सुरक्षारक्षकांचे गणवेश घालून ते विमानतळाच्या गाडीसारख्या दिसणाऱ्या गाडीतून थेट विमानापाशी आले होते. प्रवाशांच्या पिशव्या कितीही उलट्यापालट्या केल्या, तरी ते त्यात सापडले नसते. वैमानिक, हवाई कर्मचारी आणि दुकानांतली मुलंही तपासणीच्या रांगेत दिसतात, ती याच कारणासाठी.

तिसरी घटना म्हणजे २४ डिसेंबर १९९९ रोजी काठमांडूहून दिल्लीकडे निघालेल्या आयसी-८१४ विमानाचं अपहरण. तोवर भारतीय विमानतळांवर राज्यांचे पोलीस तपासणी करत. त्यानंतर हे काम टप्प्याटप्प्याने सीआयएसएफकडे गेलं आणि सुरुवात फेब्रुवारी २००० मध्ये जयपूरपासून झाली.

बूट आणि पाणी या बाहेरच्या गोष्टी आहेत. डिसेंबर २००१ मध्ये पॅरिस–मायामी विमानात एकाने बुटात लपवलेली स्फोटकं पेटवण्याचा प्रयत्न केला. पुढे अमेरिकेत सरसकट सगळ्यांना बूट काढायला लावू लागले, ते जुलै २०२५ मध्ये थांबलं. भारतात हा नियम सरसकट कधी रुळलाच नाही. इथे बूट वाजले किंवा संशय आला तरच काढायला सांगतात.

द्रव पदार्थांच्या १०० मिलिलिटरच्या नियमाचं मूळ ऑगस्ट २००६ मध्ये आहे. शीतपेयांच्या बाटल्यांतून द्रव स्फोटकं नेऊन अटलांटिकवरची विमानं उडवण्याचा कट लंडनमध्ये उघडकीला आला. त्या कटात एकही जीव गेला नाही, तरी जगभरच्या प्रवाशांच्या बॅगा बदलल्या. त्याच्या महिनाभर आधी, ११ जुलै २००६ रोजी, आपल्या पश्चिम रेल्वेच्या लोकलमध्ये सात स्फोट झाले आणि १८० हून अधिक माणसं मारली गेली. बोरिवली, जोगेश्वरी, खार ही नावं तेव्हाच्या बातम्यांत होती. लोकलच्या दारात आजही कुणी आपली पिशवी तपासत नाही. एवढ्या गर्दीत ते शक्यच नाही. म्हणजे तपासणी किती कडक करायची हे फक्त धोक्यावर ठरत नाही. रांग लावणं जिथे शक्य आहे, तिथेच ती लागते.

इथे प्रत्येकाच्या अंगाला हात का लावतात?

परदेशातून आलेल्या नातेवाइकांची ही नेहमीची तक्रार. दाराच्या चौकटीसारखं जे यंत्र असतं, ते फक्त धातू ओळखतं. प्लास्टिक, पावडर, स्फोटक यांच्यावर ते गप्प राहतं. म्हणून भारतात ते वाजलं काय नि न वाजलं काय, प्रत्येकाला हातातल्या यंत्राने आणि हाताने तपासतात. अमेरिकेत आणि युरोपातल्या बऱ्याच ठिकाणी पूर्ण शरीराचा स्कॅनर असतो. तो कपड्यांखालची वेगळी वस्तू दाखवतो आणि शंका आली तरच हात लावतात. हल्ली अशा स्कॅनरच्या पडद्यावर प्रवाशाचं शरीर दिसत नाही, एक ठोकळेबाज आकृती दिसते.

एप्रिल २०१९ मध्ये बीकॅसने देशातल्या ८४ विमानतळांवर असे स्कॅनर बसवण्याचा आदेश काढला. संवेदनशील विमानतळांना त्यासाठी वर्षभराची मुदत होती. ती कधीच उलटून गेली. सामानासाठीच्या नव्या त्रिमितीय यंत्रांचंही तेच. ती आली की लॅपटॉप बाहेर काढावा लागणार नाही. मोठ्या विमानतळांना त्यासाठी २०२३ अखेरची मुदत दिली होती, तीही पाळली गेली नाही.

याचा जाच स्त्रियांना जास्त. त्यांची तपासणी पडद्याआड स्त्री जवानाकडूनच होते आणि ते योग्यच आहे. पण अशा खोल्या कमी असतात. पुरुषांच्या तीन रांगा सरकत असताना बायकांची एकच रांग तिष्ठत उभी आहे, हे दृश्य सर्रास दिसतं. त्यात साडीच्या पिना, बांगड्या, मंगळसूत्र यांमुळे यंत्र वाजतच राहतं.

दोन देशांचे नियम एकमेकांवर आदळतात, तेव्हा काय होतं हे एप्रिल २००९ मध्ये दिसलं. माजी राष्ट्रपती एपीजे अब्दुल कलाम यांना भारतीय नियमांनुसार तपासणीतून सूट होती. तरी दिल्लीत अमेरिकेला जाणाऱ्या कॉन्टिनेंटल एअरलाइन्सच्या कर्मचाऱ्यांनी त्यांची झडती घेतली. अमेरिकी नियमांत कुणालाच सूट नाही, असं कंपनीचं म्हणणं होतं. प्रकरण संसदेत गाजल्यावर कंपनीने माफी मागितली. कलाम यांनी स्वतः तक्रार केली नव्हती.

कृत्रिम पाय काढून दाखवा

ऑक्टोबर २०२१ मध्ये नृत्यांगना आणि अभिनेत्री सुधा चंद्रन यांनी एक व्हिडिओ प्रसिद्ध केला. विलेपार्ल्याच्या मिठीबाई कॉलेजच्या या विद्यार्थिनीने १९८१ च्या अपघातात पाय गमावला आणि जयपूर फूट लावून पुन्हा भरतनाट्यम केलं, हे अनेकांना ठाऊक आहे. प्रत्येक प्रवासात आपल्याला कृत्रिम पाय काढून दाखवायला सांगतात, स्फोटकाचा अंश ओळखणाऱ्या यंत्राने तपासा असं सांगूनही ऐकत नाहीत, असं त्या थेट पंतप्रधानांना उद्देशून म्हणाल्या. ज्येष्ठ नागरिकांना असतं तसं एखादं ओळखपत्र द्या, एवढीच मागणी होती.

सीआयएसएफने लगेच दिलगिरी व्यक्त केली. कृत्रिम अवयव फक्त अपवादात्मक परिस्थितीतच काढायला सांगायचा, असा नियम असल्याचंही त्यांनी मान्य केलं. म्हणजे नियम ठीक होता, ट्रेपाशी तो पोहोचलेला नव्हता. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये, जीजा घोष यांच्या अर्जावर, सर्वोच्च न्यायालयानेही सांगितलं की सन्मान राखण्यासाठी कृत्रिम अवयव किंवा कॅलिपर काढायला लावू नयेत.

घरात असं कुणी असेल तर तीन गोष्टी लक्षात ठेवा. रांगेत शिरण्याआधीच जवानाला सांगा, यंत्र वाजायची वाट बघू नका. वेगळ्या खोलीत तपासणी मागता येते. आणि 'ईटीडी' तपासणी मागा. त्यात एक पट्टी अवयवावरून फिरवून यंत्रात घालतात आणि काही सेकंदांत निकाल येतो. जवान ऐकत नसेल, तर तिथल्या वरिष्ठ अधिकाऱ्याला बोलवायला सांगा. वाद घालण्यापेक्षा याचा उपयोग होतो.

लाडू, भाजणी आणि खोबरं

आता त्या लाडवांकडे. क्ष-किरण यंत्राच्या पडद्यावर धातू निळा दिसतो आणि सेंद्रिय पदार्थ नारिंगी. अन्न नारिंगी दिसतं, आणि बहुतेक स्फोटकंही नारिंगीच दिसतात. बेसनाचे लाडू किंवा चिक्कीची थप्पी म्हणजे पडद्यावर एक दाट नारिंगी ठोकळा. बॅग उघडायला लावतात ती म्हणून. लॅपटॉपचं कारण वेगळं. त्याची बॅटरी आणि आतल्या पट्ट्या इतक्या दाट असतात, की खाली काय आहे ते दिसत नाही.

श्रीखंड, तूप, लोणच्याचं तेल हे आंतरराष्ट्रीय प्रवासात द्रव किंवा जेल धरतात. लाल तिखट केबिनमध्ये चालत नाही, कारण ते कुणाच्याही डोळ्यांत टाकता येतं. अमेरिकेला जाणाऱ्या विमानांत ३५० मिलिलिटरहून जास्त पावडर हातातल्या बॅगेत असेल, तर वेगळी तपासणी होते. हा नियम ३० जून २०१८ पासून आहे. मुलांसाठी नेलेली भाजणी, मेतकूट, गोडा मसाला चेक-इनच्या बॅगेत टाकलेला बरा.

सुकं खोबरं मात्र कुठल्याच बॅगेत नको. त्यात तेल भरपूर असतं आणि ते साठवणीत आपोआप तापू शकतं. धोकादायक मालाच्या आंतरराष्ट्रीय यादीत त्याला 'यूएन १३६३' असा क्रमांकच आहे. नियम सैल होतात, तेही या निमित्ताने दिसलं. नोव्हेंबर २०२२ मध्ये शबरीमलाच्या यात्रेकरूंना हंगामापुरता नारळ केबिनमध्ये न्यायची मुभा मिळाली, तीही तपासणी करूनच.

पॉवर बँकचं बरोबर उलटं. ती चेक-इनच्या बॅगेत अजिबात नको, हातातच हवी. १०० वॉट-अवरपर्यंतची चालते आणि नेहमीची २०,००० एमएएचची त्यात बसते. बॅटरीने पेट घेतला तर केबिनमध्ये विझवता येतो, खाली मालाच्या कप्प्यात कळणारही नाही. लायटर भारतात दोन्ही बॅगांत चालत नाही.

एकदा झाली, मग पुन्हा का?

कधी कधी विमानात चढताना पुन्हा झडती होते. ही शिडीजवळची दुसरी तपासणी. ती विमान कंपनीची माणसं करतात आणि धोक्याचा इशारा असेल तेव्हा बीकॅस ती सक्तीची करतं. मे २०२५ मध्ये, पाकिस्तानशी संघर्ष पेटला तेव्हा, ती देशभर सगळ्यांना लागू झाली होती. प्रजासत्ताकदिनाच्या आणि स्वातंत्र्यदिनाच्या आसपास जाणार असाल, तर हाताशी जास्तीचा वेळ ठेवा.

डिजियात्रेबद्दलही एक गैरसमज आहे. मुंबईत ती ऑगस्ट २०२३ पासून आहे. चेहरा दाखवून दारातून आणि तपासणीच्या तोंडापर्यंत लवकर जाता येतं, एवढंच. ट्रे आणि झडती यांत ती काहीही कमी करत नाही. ती ऐच्छिक आहे, ओळखपत्र दाखवून जाण्याची रांग वेगळी असते.

एखादी वस्तू अडली तर परत जाऊन ती चेक-इनच्या बॅगेत टाकता येते, किंवा सोडायला आलेलं माणूस बाहेर थांबलं असेल तर त्याच्या हातात देता येते. पण दोन्हींसाठी वेळ हवा. आणि ट्रेमध्ये घड्याळ किंवा लॅपटॉप विसरलात तर घाबरू नका. अशा वस्तू सीआयएसएफ जमा करून ठेवतं, सापडलेल्या वस्तूंची यादी त्यांच्या संकेतस्थळावर विमानतळाच्या नावानिशी असते. ओळख पटवून वस्तू परत नेता येते. फक्त टर्मिनल नीट बघा. टी-१ विलेपार्ल्याजवळ आहे, टी-२ अंधेरीत सहारला, आणि दोघांमध्ये चालत जाण्याइतकं अंतर नाही.