तीन फेऱ्यांचा हंगाम

राजधानी डहाणू रोडला थांबत नाही, हे मसोलीतल्या शेंबड्या पोरालाही माहीत आहे. आज थांबणार आहे, फक्त तुझ्यासाठी. सायकल वाडीच्या कुंपणाला टेकव. मानव विकास कार्यक्रमात शाळकरी मुलींना मिळते तसली ती, पुढे टोपली, मागे कॅरिअर, ब्रेक दाबला की आधी किंचाळणार आणि मग थांबणार. तिकडे तिचा उपयोग नाही. कुलूप मात्र लाव. तू दुसऱ्या काळात गेलीस म्हणून सायकल चोरणारे काही सुट्टीवर जात नाहीत.

तिकिटावर तारीख आहे ६ मे २०२२. डब्यात बसलीस की शेजारच्याच्या मोबाइलवर बातमी दिसेल. चीनमधल्या करोनामुळे हांगझोऊच्या आशियाई क्रीडा स्पर्धा पुढे ढकलल्या. तो बातमी वाचून पुढे सरकवेल. तू आता ट्रॅक सायकलपटू आहेस, त्यामुळे तुझ्या पोटात गोळा येईल. वर्षाचं गणित मोठ्या स्पर्धेपासून मागे मोजत मांडलेलं असतं. सप्टेंबरात पाय ताजे हवेत, म्हणून त्याच्या आधी सराव हलका करायचा, म्हणून त्याच्याही आधी जिममध्ये जिना उतरता येऊ नये इतके स्क्वॉट मारायचे. आता ती तारीखच गेली. हंगाम नीट सुरूही झालेला नाही आणि सगळं पुन्हा मांडायला बसायचं.

जून. दिल्लीचं ऊन डोक्यात घेऊन तू इंदिरा गांधी स्टेडियमच्या वेलोड्रोममध्ये शिरतेस आणि दारातच थबकतेस. फोटोत ट्रॅक नेहमी सपाट वाटतो, तो सपाट नाहीच. २५० मीटरची लाकडी कढई आहे ही, आणि वळणावर तिची कड इतकी उभी की चालत वर जायचं म्हटलं तर हात टेकावे लागतील. वेग असला की चाक धरून राहतं, वेग गेला की खाली. २०१०च्या राष्ट्रकुल स्पर्धांसाठी हे बांधलं. पुण्याला बालेवाडीतही ट्रॅक आहे, १९९४च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांच्या वेळचा, पण तो सिमेंटचा आणि उघड्यावरचा. पावसाळ्यात काय होत असेल ते तुला डहाणूच्या पोरीला सांगायला नको. म्हणून ज्याला या खेळात पुढे जायचंय त्याला घर सोडून दिल्ली गाठावी लागते, आणि घर सोडणं हा या खेळातला पहिला सराव आहे असं माझं मत आहे.

त्या बघ, घर सोडून आलेल्या दोघी. मयूरी लुटे आणि सुशिकला आगाशे, दोघी भंडारा जिल्ह्यातल्या. तू महाराष्ट्राच्या पश्चिम टोकाची, त्या पूर्व टोकाच्या, मध्ये सगळा महाराष्ट्र, आणि भात दोन्हीकडे पिकतो. तिसरी त्रियशा पॉल, बंगालची. आशियाई ट्रॅक अजिंक्यपद स्पर्धा आहे आणि शर्यत आहे सांघिक स्प्रिंट. तिघींनी तीन फेऱ्या. पहिली फेरी संपली की पहिली बाजूला, दुसरी संपली की दुसरी बाजूला, तिसरी एकटीने. घड्याळ थांबतं ते तिसरीच्या चाकावर.

मी तुला तिसऱ्या जागेवर बसवतो. कुणाचं नाव लावू नकोस, फक्त सीटवर बस.

पहिली गोष्ट, ब्रेक शोधू नकोस. नाहीत. दुसरी, पाय थांबवायचे नाहीत. मागच्या चाकाला फ्रीव्हील नाही, चाक फिरतंय तोवर पायडल फिरणार आणि पायडलबरोबर तुझे पाय. बोर्डीच्या रस्त्यावर पाय सैल सोडून सुरूच्या झाडांखालून जायची सवय इथे थेट आपटवते. बूट पायडलला अडकवलेले आहेत, म्हणजे उभी राहिलीस तरी उतरता यायचं नाही. मागून कुणीतरी सीट धरून तुला तोलून ठेवलंय. पहिलीची सायकल मशीनमध्ये जखडलेली आहे. घड्याळ उलटं चालतं. शेवटचे पाच सेकंद एकेक टूं.

सुटलीस. पहिल्या तीन पायडलांत सायकल हलतच नाही असं वाटेल. गिअर जड आहे. हँडल वर ओढलं जातंय, पाय खाली, कंबर तुटतेय. आता खरी मेख. दुसरीच्या चाकाला लगेच चिकटायचं नाही. थोडी जागा सोडायची आणि वेग वाढत असताना ती हळूहळू भरून काढायची. जास्त सोडलीस तर वारा तुझ्यावर येणार, कमी सोडलीस तर तिच्या मागच्या चाकावर जाणार, आणि ब्रेक तर नाहीत. दीड-दोन हात अंतराचा हा हिशोब तू ताशी पन्नासच्या वर, चाळीसेक अंशांच्या उतारावर, श्वास न घेता करतेयस.

पहिली वर निघून गेली. समोर एकच पाठ उरली. लाकडावर टायरचा आवाज बदलला, जाड होता तो बारीक झाला. काळी रेघ सोडू नकोस, ट्रॅकचं अंतर तिच्यावर मोजतात आणि वर गेलीस की प्रत्येक वीत जास्तीची. दुसरीही गेली. आणि आता वारा. इतका वेळ दोघींनी तुझ्यासाठी तो अंगावर घेतला होता. पाय जळतात म्हणतात तसं काही होत नाही. ते तुझे राहत नाहीत, एवढंच. प्रशिक्षक कडेला उभं राहून काहीतरी ओरडतोय, तुला फक्त त्याचं तोंड दिसतं. रेघ.

कांस्य. भारताच्या महिला संघाचं सांघिक स्प्रिंटमधलं, घरच्या ट्रॅकवरचं. तू उतरत नाहीस कारण उतरता येत नाही. पाय फिरत राहतात, आणखी दोन फेऱ्या जातात, मग कुणीतरी दंडाला धरतं. २२ जूनला याच लाकडावर मणिपूरचा रोनाल्डो सिंग वैयक्तिक स्प्रिंटची अंतिम शर्यत जपानच्या यामासाकीशी खेळतो आणि रौप्य मिळवतो. वरिष्ठ गटात असं याआधी कुठल्या भारतीयाला जमलं नव्हतं. त्या संध्याकाळी अख्ख्या संघाला वाटतं, आता लंडन.

पाच आठवडे पुढे. २९ जुलै. राष्ट्रकुल स्पर्धा बर्मिंगहॅमच्या, पण ट्रॅक लंडनचा, कारण बर्मिंगहॅमजवळ या दर्जाचा वेलोड्रोमच नाही. म्हणजे यजमानांनाही बस करून दुसऱ्या शहरात जावं लागलं, हे ऐकून तुला जरा बरं वाटेल. ली व्हॅलीचा ट्रॅक २०१२च्या ऑलिंपिकचा, सैबेरियातल्या पाइनचा. तुझ्या दोन्ही बाजूंना त्याच दोघी. तीच शर्यत, त्याच तीन फेऱ्या, सीट धरणारे तसेच हात.

५१ सेकंदांच्या थोडं पुढे. सातव्या.

थांब, लगेच तोंड पाडू नकोस. जरा हिशोब कर. ७५० मीटर, तेही जागेवरून सुटून, म्हणजे सरासरी ताशी ५२ किलोमीटर. वाईट आहे? मुळीच नाही. सुवर्ण नेणाऱ्या न्यूझीलंडच्या पोरी साधारण चार सेकंद पुढे होत्या, आणि या वेगात चार सेकंद म्हणजे साठेक मीटर. त्यांचा शेवट झाला तेव्हा तू अजून वळणात होतीस. दिल्लीत तुझ्यासमोर आशिया होता, इथे ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, कॅनडा, इंग्लंड आहेत, जिथल्या मुली शाळेत असतानाच लाकडावर येतात. पाय तेच, समोरची रांग बदलली. घरी फोन केलास तर आई विचारणार, “कितवी आलीस?” किती वेळात आलीस हे कुणी विचारत नाही. माझ्या मते सगळ्या हंगामातली सगळ्यात जड गोष्ट ही आहे, कारण कितवी हे दुसऱ्यांच्या हातात असतं आणि किती वेळात हे तुझ्या.

पुढे ५०० मीटर टाइम ट्रायल. मयूरी एकटी, दोन फेऱ्या, अठरावी. पटकन पुढे जाऊ, ती शर्यतही पटकनच संपते.

१ ऑगस्टला मात्र मध्यभागी, सपाट जागेत उभी राहा. महिलांची १० किलोमीटर स्क्रॅच शर्यत. चाळीस फेऱ्या, सगळ्याजणी एकत्र, शेवटी जी पुढे ती जिंकली, इतकं सोपं. भारताची मीनाक्षी त्यात आहे. वळणावर ती पडते, उतारावरून खाली घसरत येते, आणि मागून येणाऱ्या न्यूझीलंडच्या ब्रायोनी बोथाला वळायला जागाच उरत नाही. तिची सायकल मीनाक्षीच्या अंगावरून जाते. ब्रेक नाहीत, हे तुला मघाशी गंमत वाटली होती. डॉक्टर धावतात, स्ट्रेचर येतं. शेवटी इंग्लंडची लॉरा केनी सुवर्ण जिंकते, लोक उभे राहून टाळ्या वाजवतात. आदल्याच दिवशी पुरुषांच्या शर्यतीत इंग्लंडचा मॅट वॉल्स सायकलसकट कठडा ओलांडून प्रेक्षकांत जाऊन पडला होता. म्हणजे लाकूड यजमानांनाही ओळखत नाही.

ऑक्टोबर. परत दिल्ली, परत तेच दार. राष्ट्रीय क्रीडा स्पर्धा गुजरातच्या आहेत, पण ट्रॅक सायकलिंग इथे आणलंय, कारण गुजरातेत वेलोड्रोम नाही. मसोलीहून गुजरातची हद्द तासाभरावर, आणि शर्यतीला यायचं दिल्लीला. जूनमध्ये एका जर्सीत असलेल्या पोरी आता आपापल्या राज्यांच्या रंगांत आहेत. जिने वारा अंगावर घेतला ती आता पलीकडच्या सरळ रेषेवरून सुटणार आहे, तुला हरवायला. तुझी सुरुवात कुठे कच्ची आहे, दुसऱ्या फेरीत तू किती जागा सोडतेस, तिला पाठ आहे. तुलाही तिचं पाठ आहे. रात्री मात्र दोघी एकाच टेबलावर जेवताना दिसतील, आणि एक दुसरीला टायरमध्ये हवा किती भरलीस विचारेल. दुसरी खरं सांगेल की नाही, ते मी सांगत नाही.

डबा सोडू नकोस, अजून एक स्टेशन आहे. मे महिन्यात पुढे ढकललेलं हांगझोऊ आलंय, सप्टेंबर २०२३. ट्रॅक शहरात नाही, दूर चुनआनच्या सरोवराकाठी आहे. आशिया पुन्हा समोर, या वेळी चीनच्या घरात. ट्रॅक सायकलिंगची चार दिवसांत पदकं वाटून होतात आणि भारताच्या वाट्याला त्यातलं एकही येत नाही. हातावर हात धरून बसू नकोस, साखळी काढ, पुसून घे, सायकल पेटीत भर. चाकं वेगळी, हँडल वेगळं, पायडल काढताना डावीकडचं उलटं फिरतं हे लक्षात ठेव. पेटी विमानतळावर वजनकाट्यावर चढवायची आहे, आणि जास्तीच्या वजनाचे पैसे कुणी भरायचे यावर मागे दोघे कधीचे वाद घालतायत.