शुद्ध जातीच्या वराहपिल्लांची ओळख : कानावरील खूण आणि वंशावळीची नोंद

एकाच विताला जन्मलेली दहा-बारा वराहपिल्ले रंगाने आणि ठेवणीने इतकी सारखी असतात की, शेजारच्या मादीची पिल्ले त्यांच्यात मिसळल्यास कोणते पिल्लू कोणाचे हे नजरेने सांगता येत नाही. मांसासाठी वाढवल्या जाणाऱ्या कळपात त्यामुळे फारसे बिघडत नाही. मात्र पैदाशीसाठी किंवा प्रदर्शनासाठी राखलेल्या शुद्ध जातीच्या जनावराची ओळख एकदा हरवली की त्याची वंशावळही हरवते. जनावर उत्तम असले तरी त्याचे माता-पिता कोण, हे सिद्ध करता येत नाही. त्यामुळे जन्मानंतरच्या पहिल्या काही दिवसांतच पिल्लाच्या कानावर कायमस्वरूपी खूण करणे हा शुद्ध पैदाशीचा पाया मानला जातो.

खूण कशासाठी

वराहमादीचा गर्भकाळ सुमारे ११४ दिवसांचा असून ती वर्षातून साधारणतः दोन वेळा विते. त्यामुळे लहानशा पैदास केंद्रातही वर्षभरात शेकडो पिल्ले जन्माला येतात. यांपैकी पुढील पैदाशीसाठी कोणती राखायची, हे ठरवताना पिल्लाच्या रूपाइतकाच त्याच्या वंशाचा विचार केला जातो. आईच्या विताची संख्या, तिच्या सडांची संख्या व ठेवण, भावंडांच्या वाढीचा वेग या बाबी पिल्लाच्या अंगावर दिसत नाहीत. त्या केवळ नोंदवहीतून कळतात.

दोषांच्या बाबतीत तर ही नोंद अधिकच महत्त्वाची ठरते. अंतर्गळ, वृषण पोटातच राहणे, सड आत वळलेले असणे अशा दोषांना आनुवंशिक पार्श्वभूमी असते. विताचा क्रमांक कानावर असल्यास दोष आढळलेल्या पिल्लाची सर्व भावंडे शोधून पैदाशीतून वगळता येतात. खूण नसल्यास तीच भावंडे निर्दोष समजून विकली जातात आणि दोष दुसऱ्या कळपात पोहोचतो.

दुसरा धोका निकट नात्यातील संयोगाचा आहे. सख्ख्या भावंडांच्या संयोगातून जन्मलेल्या पिल्लांचा अंतःप्रजनन गुणांक, त्यांचे पूर्वज परस्परांशी नात्याने जोडलेले नसले तरी, २५ टक्के असतो. अशा संयोगातून लहान वेते, अशक्त पिल्ले आणि घटलेली प्रजननक्षमता असे परिणाम संभवतात. संख्येने कमी असलेल्या जातींमध्ये हा धोका मोठा असतो.

वंशनोंदीची परंपरा

वराहांच्या वंशावळी छापील नोंदवहीत ठेवण्याची पद्धत १९ व्या शतकात रूढ झाली. अमेरिकेत १८७५ मध्ये बर्कशायर जातीच्या पैदासकारांची ‘अमेरिकन बर्कशायर असोसिएशन’ ही संस्था स्थापन झाली. ब्रिटनमध्ये १८८४ मध्ये पैदासकारांची राष्ट्रीय संघटना स्थापन झाली असून आज ती ‘ब्रिटिश पिग असोसिएशन’ या नावाने ओळखली जाते. अमेरिकेतील हॅम्पशायर, ड्युरॉक आणि यॉर्कशायर या जातींच्या संघटनांनी १९९४ मध्ये एकत्र येऊन ‘नॅशनल स्वाइन रजिस्ट्री’ स्थापन केली.

ब्रिटिश पद्धतीत शुद्ध जनावराच्या नावातच वंशाची खूण असते. नावाच्या आरंभी कळपाचे नाव येते, त्यानंतर घराण्याचे नाव आणि शेवटी क्रमांक. मादीला आईच्या घराण्याचे, तर नराला पित्याच्या घराण्याचे नाव मिळते. मात्र कागदावरील हे नाव त्याच जनावराचे आहे, हे केवळ कानावरील खुणेवरूनच सिद्ध होते.

खाचांचे गणित

अमेरिकेत सर्वाधिक प्रचलित असलेली पद्धत कानाच्या कडेला खाचा पाडण्याची आहे. यात डुकराचा स्वतःचा उजवा कान विताच्या क्रमांकासाठी, तर डावा कान त्या वितातील पिल्लाच्या क्रमांकासाठी राखलेला असतो. जनावरासमोर उभे राहून पाहिल्यास त्याचा उजवा कान पाहणाऱ्याच्या डाव्या हाताला येतो. नवशिक्यांकडून सर्वाधिक चुका येथेच होतात.

कानावरील प्रत्येक जागेला ठरावीक मूल्य असते. कानाच्या खालच्या कडेला टोकाजवळील खाचेचे मूल्य १, तर डोक्याजवळील खाचेचे ३ असते. वरच्या कडेला टोकाजवळील खाच ९ दर्शवते आणि डोक्याजवळील २७. उजव्या कानाच्या अगदी टोकावरील खाचेचे मूल्य ८१ असते. टोकावर एकच खाच पाडतात. इतर प्रत्येक जागी जास्तीत जास्त दोन पाडता येतात. सर्व मूल्यांची बेरीज म्हणजे क्रमांक होय.

उदाहरणार्थ, उजव्या कानावर २७ च्या जागी एक, ३ च्या जागी दोन आणि १ च्या जागी एक खाच असल्यास २७ + ३ + ३ + १ म्हणजे ३४ वे वेत ठरते. डाव्या कानावर ३ च्या जागी एक आणि १ च्या जागी दोन खाचा असल्यास ते त्या वितातील ५ वे पिल्लू होय. नोंदवहीत त्याचा क्रमांक ३४-५ असा लिहिला जातो. तिपटीने वाढणाऱ्या या मूल्यांमुळे मोजक्या खाचांत उजव्या कानावर १ ते १६१ पर्यंतचे प्रत्येक वेत दर्शवता येते. काही देशांत व काही केंद्रांत खाचांची मूल्ये निराळी असतात. त्यामुळे जनावर खरेदी करताना ते कोणत्या पद्धतीने खुणावलेले आहे, याची विचारणा करणे आवश्यक ठरते.

गोंदण, बिल्ला आणि इतर पद्धती

फिकट कानाच्या जातींसाठी गोंदण सोयीचे ठरते. अंकांच्या सुया बसवलेल्या चिमट्याने कानाला टोचून त्यात शाई चोळली जाते. गोंदणाने कानाचा आकार बिघडत नाही. परंतु काळ्या कानावर ते वाचता येत नाही. त्यामुळे गडद रंगाच्या जातींसाठी खाच किंवा बिल्ला वापरावा लागतो.

प्लास्टिकचा बिल्ला दुरून वाचता येतो, पण कुंपणाला अडकून किंवा इतर डुकरांनी ओढल्याने तो निघून पडू शकतो. याच कारणाने अनेक पैदासकार बिल्ल्याच्या जोडीला खाच किंवा गोंदणही ठेवतात. माता-पित्यांविषयी शंका उरल्यास केसांच्या मुळांच्या किंवा रक्ताच्या नमुन्यावरून डीएनए तपासणी करता येते. अर्थात, नमुना ज्या जनावराचा आहे त्याची ओळख निश्चित असेल तरच त्या अहवालाला अर्थ राहतो.

खूण करताना घ्यावयाची काळजी

जन्मल्याबरोबर खूण करण्याची घाई करू नये. पिल्लाने आईचा चीक प्यायल्यानंतर, साधारणतः पहिल्या एक ते तीन दिवसांत हे काम केले जाते. या वयात पिल्लू हाताळण्यास सोपे असते. अशक्त पिल्लाला आणखी एखादा दिवस सवलत दिली जाते. तथापि, एका मादीची पिल्ले दुसऱ्या मादीला पाजण्यासाठी सोपवायची असल्यास त्यांच्यावर आधी निदान तात्पुरती खूण करणे अनिवार्य आहे. वंशावळीतील चुकांचे हे एक मोठे मूळ आहे. दूध पाजणारी मादी हीच आई असल्याचे गृहीत धरले जाते आणि चुकीची नोंद पुढील अनेक पिढ्यांत कायम राहते.

खाच साधारणतः ६ मिलीमीटर खोल असावी आणि दोन खाचांमध्ये तेवढेच अंतर असावे. उथळ खाच जखम भरताना बुजून जाते, तर फार खोल खाचेमुळे कान फाटण्याची शक्यता असते. चिमटा धारदार असावा आणि प्रत्येक पिल्लानंतर तो जंतुनाशकात बुडवावा, अन्यथा रक्तावाटे रोग पसरू शकतो. खाच पाडताना पिल्लाला वेदना होतात, ही बाब पशुकल्याणाच्या दृष्टीने विचारात घेऊन इतर पद्धतींकडे वळण्याचा आग्रहही धरला जातो.

खूण केल्याबरोबर, त्याच जागी उभे राहून नोंद लिहावी, असा अनुभवी पैदासकारांचा नियम आहे. जन्मतारीख, माता-पित्यांचे क्रमांक, जिवंत व मृत पिल्लांची संख्या, प्रत्येक पिल्लाचे लिंग, वजन, सडांची संख्या आणि दिसणारे दोष यांचा त्यात समावेश होतो.

प्रदर्शनातील तपासणी

शुद्ध जातींच्या प्रदर्शनात प्रवेशपत्रिकेवरील क्रमांक आणि कानावरील खूण यांची पडताळणी केली जाते. जन्मतारखेनुसार गट ठरत असल्याने काही आठवड्यांचा फरकही निकाल बदलू शकतो. त्यामुळे ओळख न जुळणारे जनावर स्पर्धेबाहेर राहू शकते. त्यानंतरच परीक्षक जातीची लक्षणे, पायांची मजबुती आणि सडांची ठेवण पाहतात. पैदाशीच्या मादीला साधारणतः किमान १२ कार्यक्षम सड असावेत, अशी अपेक्षा असते.

भारतातील स्थिती

२०१९ च्या पशुगणनेनुसार देशात सुमारे ९० लाख ६० हजार डुकरे होती आणि राज्यांमध्ये आसाम आघाडीवर होते. गुवाहाटीजवळील राणी येथे भारतीय कृषी संशोधन परिषदेचे राष्ट्रीय वराह संशोधन केंद्र २००२ पासून कार्यरत आहे. कर्नाल येथील राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्युरोने पश्चिम बंगालमधील घुंगरू, मेघालयातील नियांग मेघा, नागालँडमधील तेन्यी वो आणि गोव्यातील अगोंदा गोवन अशा देशी जातींची नोंदणी केली आहे. अगोंदा गोवन या जातीला दक्षिण गोव्यातील आगोंद गावाचे नाव मिळाले आहे.

जातीची अशी नोंदणी आणि प्रत्येक जनावराची वंशनोंद या दोन निराळ्या बाबी आहेत. गावात मोकळ्या फिरणाऱ्या किंवा परसात वाढवलेल्या देशी डुकरांचा पिता कोण, हे बहुधा ठाऊक नसते आणि परदेशी जातींच्या नरांशी त्यांचा संकरही होत राहतो. पशुधनासाठी देण्यात येणाऱ्या १२ अंकी ओळख क्रमांकाच्या बिल्ल्याच्या योजनेत डुकरांचाही समावेश आहे. लसीकरण व रोगनियंत्रणासाठी हा क्रमांक उपयुक्त आहे. मात्र जन्माच्या वेळी माता-पित्यांची नोंद त्याला जोडली गेली नाही, तर त्यातून वंशावळ तयार होत नाही.

२०२० मध्ये ईशान्य भारतात आफ्रिकन स्वाइन फीव्हर या रोगाचा शिरकाव झाला आणि अनेक कळप नष्ट झाले. रोगाची साथ ओसरल्यावर कळप पुन्हा उभा करताना परस्परांशी नाते नसलेली, खात्रीच्या वंशाची जनावरे लागतात. ती कोठे आहेत, याचे उत्तर जन्माच्या पहिल्या आठवड्यात केलेली खूण आणि तिच्यासोबत लिहिलेली ओळ यांवरूनच मिळू शकते.